सराव मैदान आणि स्थानिक समाज : मेलबर्नमधील व्हिटन ओव्हलचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

क्रीडाइतिहासाच्या लेखनात मैदानाला स्थान मिळते ते प्रामुख्याने सामन्यांमुळे. कोणत्या मैदानावर कोण जिंकले, किती प्रेक्षक जमले, कोणता विक्रम घडला यांच्या नोंदी राहतात. सरावाच्या नोंदी मात्र राहत नाहीत. परिणामी ज्या मैदानावरील सामने बंद झाले, त्याचा इतिहासही तेथेच संपला असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात एका मैदानाच्या आधारे केला आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या पश्चिमेस फूट्सक्रे या उपनगराच्या परिसरात व्हिटन ओव्हल हे मैदान आहे. ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ या व्यावसायिक फुटबॉल क्लबचे हे सराव मैदान व मुख्यालय होय. १९९७ नंतर क्लबच्या पुरुष संघाचे राष्ट्रीय स्पर्धेतील सामने येथून गेले. क्लब मात्र गेला नाही. या दोन गोष्टींतील अंतर हाच येथील अभ्यासाचा विषय आहे.

खेळ, मैदान आणि उपनगर यांचा संबंध

‘ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल’ हा खेळ आपल्याकडील फुटबॉलपेक्षा मूलतः वेगळा आहे. मेलबर्न फुटबॉल क्लबने मे १८५९ मध्ये त्याचे लेखी नियम तयार केले. प्रत्येक संघाचे अठरा खेळाडू मैदानात असतात व चेंडू लंबगोल असतो. तो पायाने मारता येतो, तसाच हाताने पकडता व मुठीने पुढे ढकलताही येतो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू मारल्यास सहा गुण मिळतात, तर बाजूच्या खांबांतून गेल्यास एक गुण. हा खेळ हिवाळ्यात क्रिकेटच्या मोकळ्या मैदानांवर खेळला जाऊ लागला. त्यामुळे आयताकृती मैदानाऐवजी लंबवर्तुळाकार ‘ओव्हल’ हेच त्याचे क्षेत्र झाले.

या पार्श्वभूमीचा एक महत्त्वाचा सामाजिक परिणाम झाला. ओव्हल ही सामान्यतः सार्वजनिक राखीव जमीन असे. तिची व्यवस्था नगरपालिकेकडे असे आणि उन्हाळ्यात क्रिकेट क्लब, हिवाळ्यात फुटबॉल क्लब तिचा वापर करी. १८९७ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हिक्टोरियन फुटबॉल लीग’मधील बहुतेक क्लबांची नावे ही उपनगरांचीच नावे होती : कॉलिंगवूड, कार्लटन, फिट्झरॉय, एसेंडन. क्लब, उपनगर व मैदान ही तिन्ही एकाच नावाने ओळखली जात. आठवड्यातून दोनदा, बहुधा मंगळवारी व गुरुवारी संध्याकाळी, खेळाडू कामावरून सुटल्यावर सरावासाठी याच मैदानावर येत आणि शनिवारी दुपारी येथेच सामना खेळत. सराव मैदान व सामन्याचे मैदान असा भेद त्या काळी नव्हता.

वेस्टर्न ओव्हल : श्रमिकांच्या उपनगराचे मैदान

फूट्सक्रे हे मॅरिबर्नाँग नदीकाठचे उपनगर आहे. ही भूमी मूळची कुलिन लोकसमूहांची. वसाहतकाळात येथे दगडाच्या खाणी, कत्तलखाने, कातडी कमावण्याचे कारखाने व पुढे दारूगोळ्याचे कारखाने उभे राहिले. त्यांच्या दुर्गंधीमुळे शहरातील प्रतिष्ठित वर्गाने या भागाची हेटाळणीच केली. याच पश्चिम पट्ट्यात, फूट्सक्रेपासून थोड्या अंतरावर, सनशाइन येथे शेतीयंत्रांचा मोठा कारखाना होता. त्या कारखान्याच्या संदर्भात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी १९०७ मध्ये दिलेला ‘हार्वेस्टर निवाडा’ ऑस्ट्रेलियाच्या कामगार इतिहासातील मैलाचा दगड मानला जातो. अकुशल कामगाराला आपले कुटुंब माफक सुखात पोसता यावे यासाठी दिवसाला किमान सात शिलिंग वेतन योग्य होय, असे तत्त्व त्यात मांडले गेले. फूट्सक्रे क्लबचा प्रेक्षक व खेळाडू हा याच श्रमिक समाजातून येत होता.

१९२५ मध्ये हॉथॉर्न व नॉर्थ मेलबर्न यांच्यासह फूट्सक्रेला लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि वेस्टर्न ओव्हलवर लीगचे सामने सुरू झाले. उघड्या मैदानावरील जोराचा वारा हे या ओव्हलचे वैशिष्ट्य होते. कोणत्या टोकाकडे वारा आहे यावर सामन्याचे पारडे फिरत असे आणि रोज येथे सराव करणाऱ्यांना त्याची जाण पाहुण्या संघापेक्षा अधिक असे. मैदानाची ही ओळख खेळाडूंच्या अंगवळणी पडलेली होती. डग हॉकिन्स या खेळाडूने मैदानाच्या ज्या बाजूवर वर्षानुवर्षे खेळ केला, ती बाजू पुढे त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

१९५४ मध्ये फूट्सक्रेने अंतिम सामन्यात मेलबर्न संघाचा १०२ विरुद्ध ५१ गुणांनी पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले. चार्ली सटन हा संघाचा कर्णधार व प्रशिक्षक होता. पुढच्याच वर्षी कॉलिंगवूडविरुद्धच्या सामन्याला वेस्टर्न ओव्हलवर ४२,३५४ प्रेक्षक उपस्थित होते. या मैदानावरील हा उच्चांक होय. १९५४ च्या संघातील टेड व्हिटन हा पश्चिम उपनगरांतच वाढलेला तरुण १९५१ ते १९७० या काळात फूट्सक्रेसाठी ३२१ सामने खेळला. ऑगस्ट १९९५ मध्ये त्याचे कर्करोगाने निधन झाल्यावर वेस्टर्न ओव्हलला त्याचे नाव देण्यात आले. पहिल्या विजेतेपदानंतर मात्र क्लबला पुढील सहा दशके दुसरे विजेतेपद मिळाले नाही, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावी लागते.

व्यावसायिकीकरण आणि उपनगरी मैदानांचा ऱ्हास

१९६० च्या दशकापासून ही व्यवस्था बदलू लागली. १९६५ मध्ये रिचमंड क्लबने पंट रोडवरील आपले मैदान सामन्यांपुरते सोडून शेजारच्या भव्य मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर खेळणे सुरू केले. १९७० मध्ये लीगने शहराच्या आग्नेयेस व्हेवर्ली येथे स्वतःच्या मालकीचे मोठे मैदान उभारले. त्यानंतर एकेक उपनगरी मैदान सामन्यांच्या वेळापत्रकातून वगळले गेले : हॉथॉर्नचे ग्लेनफेरी ओव्हल १९७३ नंतर, नॉर्थ मेलबर्नचे आर्डेन स्ट्रीट १९८५ नंतर, एसेंडनचे विंडी हिल १९९१ नंतर, सेंट किल्डाचे मूराबिन १९९२ नंतर आणि कॉलिंगवूडचे व्हिक्टोरिया पार्क १९९९ नंतर.

या बदलामागे आर्थिक कारणे होती. दूरचित्रवाणीचे उत्पन्न, प्रायोजकांसाठीच्या सोयी व अधिक आसनक्षमता यांपुढे नगरपालिकेच्या जुन्या स्टँडचा निभाव लागणे शक्य नव्हते. याच सुमारास खेळाडू व उपनगर यांचे नातेही सैल झाले. पूर्वी प्रत्येक क्लबला ठरावीक भौगोलिक विभाग नेमून दिलेला असे व त्या विभागातील तरुण त्याच क्लबकडे जात. १९८६ मध्ये राष्ट्रीय पातळीवर खेळाडूंची निवडपद्धती सुरू झाली. त्यामुळे पर्थचा तरुण फूट्सक्रेत व फूट्सक्रेचा ब्रिस्बेनमध्ये जाऊ लागला. १९८२ मध्ये साउथ मेलबर्न क्लब सिडनीला हलविण्यात आला, १९८७ मध्ये पर्थ व ब्रिस्बेन येथील संघ लीगमध्ये आले आणि १९९० मध्ये लीगचे नाव ‘ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग’ असे झाले. मेलबर्नमधील लहान क्लबांच्या दृष्टीने हा अस्तित्वाचा प्रश्न होता.

१९८९ : मैदानावरचा लढा

ऑक्टोबर १९८९ च्या आरंभी फूट्सक्रे व फिट्झरॉय या दोन कर्जबाजारी क्लबांचे विलीनीकरण करण्याचा निर्णय जाहीर झाला. नव्या संघाचे नाव ‘फिट्झरॉय बुलडॉग्ज’ ठरले होते व त्याचे ठिकाण कार्लटनचे प्रिन्सेस पार्क असणार होते. म्हणजे उपनगराचे नाव व मैदान ही दोन्ही एकाच वेळी जाणार होती. पश्चिम उपनगरांतील कारखाने त्या काळात बंद पडत होते. युद्धोत्तर काळात आलेले इटालियन, ग्रीक व युगोस्लाव्ह, तसेच १९७५ नंतर आलेले व्हिएतनामी स्थलांतरित यांच्यामुळे लोकवस्तीचे स्वरूपही बदललेले होते. अशा वेळी क्लब हाच जुन्या-नव्या रहिवाशांना जोडणाऱ्या थोड्या दुव्यांपैकी एक होता.

विरोध तत्काळ उभा राहिला. आयरीन चॅटफिल्ड या समर्थक महिलेने न्यायालयात दावा दाखल केला. पीटर गॉर्डन या तरुण वकिलाने चळवळीचे नेतृत्व केले. न्यायालयाकडून मिळालेल्या अल्प मुदतीत क्लबला मोठी रक्कम उभी करावयाची होती. ८ ऑक्टोबर रोजी वेस्टर्न ओव्हलवर हजारो लोक जमले. पुढील काही दिवसांत वर्गण्यांतून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाली आणि विलीनीकरण रद्द झाले. गॉर्डन हेच नंतर क्लबचे अध्यक्ष झाले.

येथे विशेष लक्षात घेण्याजोगी बाब ही की, ही सभा एखाद्या सभागृहात किंवा शहराच्या मध्यभागी भरली नाही. ती मैदानावर भरली. लोकांना एकत्र येण्यासाठी ठिकाण शोधावे लागले नाही. क्लबचे काय होणार हा प्रश्न पडताच लोकांची पावले आपोआप ओव्हलकडे वळली.

दोन क्लब, दोन वाटा

या संदर्भात फिट्झरॉयशी तुलना उद्बोधक ठरते. खेळातील यशाच्या निकषावर फिट्झरॉय फूट्सक्रेपेक्षा कितीतरी श्रेष्ठ होता. त्याच्या खात्यावर लीगची आठ विजेतेपदे होती. फूट्सक्रेच्या खात्यावर केवळ एक. तथापि फिट्झरॉयने १९६६ नंतर ब्रन्सविक स्ट्रीटवरील आपल्या मैदानावर लीगचा सामना खेळला नाही. त्यानंतरच्या तीस वर्षांत त्याने प्रिन्सेस पार्क, जंक्शन ओव्हल, व्हिक्टोरिया पार्क, पुन्हा प्रिन्सेस पार्क असा प्रवास केला. इतिहासाचा विपर्यास असा की, १९९४ ते १९९६ या शेवटच्या तीन हंगामांत तो फूट्सक्रेच्याच मैदानावर भाडेकरू म्हणून खेळला. १९८९ मध्ये ज्याच्याशी विलीनीकरण होऊ घातले होते, त्याच्याच दारी त्याला आश्रय घ्यावा लागला. १९९६ च्या अखेरीस फिट्झरॉयचा संघ ब्रिस्बेनशी जोडला गेला व लीगमधील त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

मैदान होते म्हणून फूट्सक्रे वाचला आणि मैदान नव्हते म्हणून फिट्झरॉय संपला, असे सरळ समीकरण मांडणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही. साउथ मेलबर्नचे लेक ओव्हल शंभराहून अधिक वर्षे त्या क्लबकडे होते. क्लब उपनगरातच राहावा यासाठी तेथेही समर्थकांनी चळवळ केली. तरीही तो सिडनीला गेला. कर्जाचा बोजा, लीगचे धोरण व नेतृत्वाची कुवत हे घटक तितकेच निर्णायक होते. परंतु मैदान हे लोकांच्या दाव्याला आधार देणारे स्थान होते, इतके निश्चित म्हणता येते. फिट्झरॉयच्या समर्थकांची निष्ठा कमी नव्हती. ती एकवटण्याचे ठिकाण मात्र दर काही वर्षांनी बदलत गेले. २००९ मध्ये फिट्झरॉय क्लब हौशी स्पर्धेत पुन्हा खेळू लागला, तेव्हा तो ब्रन्सविक स्ट्रीटच्या त्याच जुन्या मैदानावर परतला, हेही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

सामन्यांचे प्रयाण आणि सरावाचे उरणे

१९८९ चा विजय मैदानावरील सामने वाचवू शकला नाही. १९९७ च्या हंगामापासून क्लबने ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ हे नाव धारण केले व आपले सामने प्रिन्सेस पार्ककडे नेण्यास प्रारंभ केला. व्हिटन ओव्हलवरील पुरुषांच्या राष्ट्रीय लीगचा अखेरचा सामना त्याच वर्षी झाला. २००० पासून शहरमध्याजवळील डॉकलँड्सचे बंदिस्त छताचे नवे स्टेडियम हे क्लबचे सामन्यांचे ठिकाण झाले. नावातून फूट्सक्रे गेले, सामनेही गेले. मागे राहिली ती कार्यालये, कपडे बदलण्याच्या खोल्या व सरावाचे हिरवे मैदान.

अन्य क्लबांचा अनुभव पाहता पुढची पायरी सरावाच्या स्थलांतराची होती. कॉलिंगवूडने २००४ मध्ये व्हिक्टोरिया पार्क सोडून ऑलिंपिक पार्क गाठले. हॉथॉर्नने २००६ मध्ये ग्लेनफेरीहून व्हेवर्लीला, तर एसेंडनने २०१३ मध्ये विंडी हिलवरून विमानतळाजवळील नव्या संकुलात आपला सराव नेला. पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडूंना व्यायामशाळा, जलतरण तलाव, वैद्यकीय कक्ष व आच्छादित सरावक्षेत्र यांची गरज होती आणि जुन्या ओव्हलच्या भोवती त्यासाठी जागा अपुरी पडे. वेस्टर्न बुलडॉग्जने मात्र व्हिटन ओव्हलचीच पुनर्बांधणी करण्याचा मार्ग स्वीकारला.

पुनर्बांधणी आणि सार्वजनिकतेचा प्रश्न

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झालेल्या या पुनर्बांधणीसाठी शासकीय निधीचे साहाय्य झाले. खाजगी व्यावसायिक संघाच्या सरावावर सार्वजनिक पैसा का खर्च व्हावा, हा प्रश्न अशा वेळी स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर संकुलाच्या रचनेतच देण्याचा प्रयत्न झाला. तेथे बालसंगोपन केंद्राची सोय झाली आणि सामाजिक उपक्रमांना स्थान मिळाले. व्हिक्टोरिया विद्यापीठाशी संबंध जोडला गेला व काही काळ विद्यापीठाचे नाव मैदानाच्या नावाशी जोडले गेले.

या बदलाचे मूल्यमापन दोन्ही बाजूंनी करावे लागते. एका बाजूने पाहता, वर्षातून दहा-अकरा शनिवारी गजबजणारी जागा आता रोज वापरात येऊ लागली. ज्यांना फुटबॉलमध्ये रस नाही अशी कुटुंबेही मुलाला सोडण्यासाठी तेथे येऊ लागली. दुसऱ्या बाजूने पाहता, रहिवाशांचे मैदानाशी असलेले नाते पालटले. १९५५ मधील प्रेक्षक हा त्या मैदानाचा अनौपचारिक धनी होता. नव्या संकुलातील नागरिक हा सेवेचा लाभार्थी आहे. खेळाडू उपनगरातून येत नाहीत आणि सराव कामगारांच्या सुटीनंतर संध्याकाळी होत नाही. शिवाय फूट्सक्रे परिसरातील घरांच्या किमती वाढल्यामुळे ज्या श्रमिक वर्गाने मैदान घडविले, त्यातील अनेकांना तेथे राहणेच परवडेनासे झाले. मैदान टिकले म्हणजे समाज टिकला, असे म्हणता येत नाही. मात्र मैदान गेले असते तर हा प्रश्न विचारण्याचे ठिकाणही उरले नसते.

पुनरागमन

२०१४ पासून क्लबचा दुय्यम संघ राज्यपातळीवरील स्पर्धेत स्वतंत्रपणे खेळू लागला. त्याला ‘फूट्सक्रे’ हेच नाव देण्यात आले आणि तो व्हिटन ओव्हलवर खेळू लागला. पहिल्याच हंगामात त्याने विजेतेपद मिळविले. सतरा वर्षांपूर्वी राष्ट्रीय स्पर्धेतून पुसले गेलेले नाव ज्या मैदानावरून गेले होते, तेथेच परतले.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी वेस्टर्न बुलडॉग्जने अंतिम सामन्यात सिडनी संघाला ८९ विरुद्ध ६७ गुणांनी हरविले. साखळी फेरीत सातव्या स्थानी राहिलेल्या संघाने बासष्ट वर्षांनंतर विजेतेपद पटकावले. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी आपले पदक दुखापतीमुळे खेळू न शकलेला कर्णधार बॉब मर्फी याच्या गळ्यात घातले. सामना मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर झाला होता, क्लबचे नेहमीचे सामने डॉकलँड्सला होत होते. परंतु दुसऱ्या दिवशी हजारो लोक जमले ते व्हिटन ओव्हलवर. १९८९ मध्ये क्लब वाचविण्यासाठी लोक जेथे आले, तेथेच २०१६ मध्ये ते विजय साजरा करण्यासाठी आले. त्यांच्यातील अनेक तरुणांनी या मैदानावर पुरुषांच्या लीगचा एकही सामना पाहिलेला असणे शक्य नव्हते.

२०१७ मध्ये राष्ट्रीय पातळीवर महिलांची लीग सुरू झाली. ४ फेब्रुवारी २०१७ रोजी वेस्टर्न बुलडॉग्जच्या महिला संघाचा पहिला सामना फ्रीमँटलविरुद्ध व्हिटन ओव्हलवर झाला आणि वीस वर्षांनी या मैदानावर राष्ट्रीय स्पर्धेचा खेळ परतला. पुढच्याच वर्षी या संघाने लीगचे विजेतेपद मिळविले. पुरुषांच्या व्यावसायिक खेळाला अपुरे ठरलेले मैदान महिलांच्या खेळाला उपलब्ध झाले, यात विषमतेची एक छटा निश्चितच आहे. तथापि सराव मैदान म्हणून जतन झालेली हिरवळ, प्रकाशयोजना व सोयी तयार असल्यामुळेच नव्या स्पर्धेला तेथे उभे राहता आले, हेही तितकेच खरे.

निष्कर्ष

व्हिटन ओव्हलच्या इतिहासावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सराव मैदान ही सामन्याच्या मैदानाची उरलेली सावली नसून क्लब व समाज यांच्या नात्याचे ते स्वतंत्र अधिष्ठान आहे. सामना विकता येतो, प्रक्षेपित करता येतो, दुसऱ्या शहरात नेता येतो. सराव मात्र कोठेतरी नित्य करावाच लागतो आणि ते ‘कोठेतरी’ हीच क्लबची खरी जागा ठरते. दुसरी, अशा जागेचे मोल संकटकाळी प्रकट होते. १९८९ मध्ये लोकांनी केवळ संघासाठी नव्हे, तर आपल्या परिसराच्या नावासाठी व जागेसाठी वर्गणी दिली. तिसरी, टिकून राहिलेले मैदान जुन्याच स्वरूपात टिकत नाही. कामगारांचे ओव्हल, व्यावसायिकांचे सराव केंद्र, लहान मुलांचे संगोपनगृह व महिला खेळाडूंचे रणांगण अशी अनेक रूपे या एकाच जमिनीने धारण केली आणि प्रत्येक रूपात कोणाचा तरी हक्क वाढला, तर कोणाचा तरी आक्रसला.

म्हणूनच क्रीडाइतिहासाच्या अभ्यासकाने गुणफलकाबरोबरच सरावाच्या जागेचाही शोध घेणे आवश्यक आहे. कोणाला तेथे मुक्त प्रवेश होता, जमीन कोणाची होती, कोण सरावाला येत असे आणि कोण कुंपणाबाहेर उभे असे, या प्रश्नांच्या उत्तरांतून त्या समाजाचा इतिहास उलगडतो. क्लबच्या नोंदणीकृत संस्थेच्या नावात ‘फूट्सक्रे’ हा शब्द नामांतरानंतरही राहिला. कागदावर तो कायद्याने राहिला. जमिनीवर तो राहिला, याचे श्रेय मात्र मैदान न सोडणाऱ्या माणसांकडे जाते.